आयर्लंडमधल्या एका पंचक्रोशीच्या जुन्या खुणा



आज तुम्हाला जरा लांबच्या गावाला घेऊन जाणार आहे. हातातलं काम बाजूला ठेवायची गरज नाही. भाजी निवडणं, धान्य पाखडणं चालू राहू द्या. कान तेवढे इकडे असू द्या.

युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचा बेटाचा देश आहे. त्या बेटाच्याही पश्चिम काठावर, जिथे जमीन संपते आणि अटलांटिक महासागर सुरू होतो, तिथे मेयो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. या मेयोमध्ये लुइसबर्ग नावाचं छोटंसं गाव आहे आणि त्याच्या भोवतालच्या पंचक्रोशीचं नाव आहे किलगीव्हर. तिकडे अशा पंचक्रोशीला पॅरिश म्हणतात. एका चर्चच्या भोवतीच्या वाड्या, वस्त्या, शेतं, डोंगर, सगळं मिळून एक पॅरिश. तिकडच्या माणसांना आपल्या पॅरिशचा फार जिव्हाळा. लग्नकार्य, मयत तर पॅरिशचं असतंच, पण त्यांच्या आवडीच्या गेलिक फुटबॉलचे संघसुद्धा पॅरिशवार असतात. शेजारच्या पॅरिशला हरवलं की वर्षभर त्याची चर्चा चालते.

तुम्ही म्हणाल, आयर्लंडमधल्या खेड्याशी आपलं काय देणंघेणं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या पंचक्रोशीबद्दल वाचत गेले, नकाशे बघत गेले, तशी एक गोष्ट लक्षात आली. इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. किलगीव्हरमध्ये मात्र ज्यांची नावं कुठल्याच वहीत नीट लिहिली गेली नाहीत, अशी माणसं लोकांच्या लक्षात राहिली आहेत. त्यात बायका आणि मुलं पुष्कळ. ती लक्षात राहिली ती एखाद्या दगडामुळे, एखाद्या वाटेमुळे, एखाद्या विहिरीमुळे. आज त्यातल्याच काही खुणा तुम्हाला दाखवते.

सुरुवात करू लुइसबर्गच्या चौकातून. चार रस्ते एकत्र येतात तिथे हा चौक आहे. गाव तसं फार जुनं नाही. 1790 नंतरच्या काळात तिथल्या ब्राऊन नावाच्या जमीनदार घराण्याने ते आखून वसवलं. नावही आयर्लंडमधलं नाही. कॅनडात लुइसबर्ग नावाचा फ्रेंचांचा किल्ला होता. तो 1758 साली इंग्रजांनी जिंकला. त्या लढाईत जमीनदाराचे काका होते, त्याची आठवण म्हणून गावाला हे नाव दिलं. म्हणजे गाव आयरिश लोकांचं, नाव कॅनडातल्या किल्ल्याचं, आणि ते ठेवणारा इंग्रजी सत्तेच्या बाजूचा जमीनदार. गावाच्या पाटीवरच्या नावामागेसुद्धा सत्ता कोणाची होती ते कळतं, ते असं.

पण पंचक्रोशीतल्या खऱ्या जुन्या खुणा पाहायच्या तर गावाबाहेर पडायला हवं.

लुइसबर्गच्या दक्षिणेला, माळरानातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला स्राही नावाची जागा आहे. तिथे मोठमोठे दगड उभे करून त्यावर एक प्रचंड शिळा आडवी ठेवलेली दिसते. हे चार हजार वर्षांपूर्वीचं, किंवा त्याहूनही थोडं आधीचं दफनस्थान आहे. एका बाजूला उंच आणि रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळतं. यंत्रं नव्हती, लोखंड माहीत नव्हतं, अशा काळात माणसांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी एवढा खटाटोप केला.

पुढे हजारो वर्षं गेली. आयर्लंड ख्रिस्ती झालं. मग सतराव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजी सत्तेने कॅथलिक लोकांवर कडक कायदे लादले. त्यांचे धर्मगुरू हद्दपार केले, उघडपणे प्रार्थना करणं अवघड करून टाकलं. तेव्हा लोक काय करायचे? रानात, डोंगरात, आडबाजूला एखादा सपाट दगड गाठायचे आणि त्यालाच वेदी मानून प्रार्थना करायचे. स्राहीची ती शिळा अशीच वेदी झाली. आजही तिला आयरिश भाषेत ‘आल्तोर’ म्हणतात, म्हणजे वेदी. त्या दगडांच्या पोकळीत पाणी साठायचं, म्हणून काही काळ ती पवित्र विहीरही मानली गेली. चार हजार वर्षांपूर्वी कोणी तिथे आपलं माणूस पुरलं, त्यानंतर कोणी तिथे लपून देवाचं नाव घेतलं, कोणी तिथलं पाणी डोळ्यांना लावलं. दगड तोच राहिला.

विहिरीचं नाव निघालंच आहे, तर आता गावाच्या पूर्वेला येऊ. इथे किलगीव्हरचं जुनं चर्च आहे, ज्याच्यावरून पंचक्रोशीला नाव मिळालं. आयरिशमध्ये ‘किल’ म्हणजे चर्च. चर्चला आता छप्पर नाही. भिंती उभ्या आहेत आणि भोवती थडगी आहेत. उतारावरून समोर क्ल्यू नावाचा उपसागर दिसतो. आणि जवळच एक पवित्र विहीर आहे. आपल्याकडच्या विहिरीसारखी खोल नाही, जमिनीतून झिरपणारा झरा आहे, दगडांनी बांधून घेतलेला.

या भागात क्रो पॅट्रिक नावाचा 764 मीटर उंच डोंगर आहे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणारे संत पॅट्रिक यांनी त्या डोंगरावर चाळीस दिवस उपास केला, अशी श्रद्धा आहे. दरवर्षी जुलै महिन्याच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं तो डोंगर चढतात. काही जण तर अनवाणी चढतात, त्या टोकदार दगडांवरून! डोंगर उतरलेले यात्रेकरू पूर्वी किलगीव्हरच्या विहिरीवर येऊन आपली यात्रा पुरी करत. तिकडे अशा विहिरींना फेऱ्या घालण्याची रीत आहे. फेऱ्या नेहमी उजवीकडून, सूर्य फिरतो त्या दिशेने घालायच्या. किती झाल्या ते चुकू नये म्हणून हातात खडे घ्यायचे आणि दर फेरीला एक खडा खाली टाकायचा. मैत्रिणींनो, आपल्याला प्रदक्षिणा कशी घालायची ते वेगळं सांगायला नको. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. खडे मोजत फिरणारी ती बाई आपलीच कोणी तरी वाटली.

या विहिरींचं चर्चच्या वरिष्ठांना नेहमीच कौतुक होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकात कित्येक ठिकाणी धर्मगुरूंनीच या जत्रा बंद पाडायचा प्रयत्न केला. तरी त्या पुष्कळ ठिकाणी टिकल्या, कारण घरोघरच्या माणसांनी त्या सोडल्या नाहीत. मूल आजारी असलं, डोळे दुखत असले, घरचं कोणी परदेशी गेलेलं असलं, की विहिरीवर जायचं हे ठरलेलं.

आता समोर समुद्रात बघा. उपसागराच्या तोंडाशी एक मोठं बेट आडवं पसरलेलं आहे. ते क्लेअर बेट. जुन्या हिशेबात हे बेटही किलगीव्हर पॅरिशमध्येच धरलं जायचं. बेटाच्या धक्क्याजवळ एक चौकोनी, जाड भिंतींचा बुरूज आहे. हा बुरूज सोळाव्या शतकात ओ’मॅली घराण्याकडे होता आणि त्या घराण्यात एक बाई होऊन गेली. तिचं नाव ग्रान्युएल. इंग्रजीत तिला ग्रेस ओ’मॅली म्हणतात. जन्म 1530 च्या सुमाराचा.

ओ’मॅली हे दर्यावर्दी घराणं. त्यांची जहाजं होती, व्यापार होता, त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांकडून ते वसुलीही करत. लहानपणी ग्रान्युएलने बापाकडे हट्ट धरला, मलाही जहाजावर ने. तिचे लांब केस दोरखंडात अडकतील असं कारण सांगून तिला नकार मिळाला, तर तिने केस कापून टाकले, अशी तिथली आवडती गोष्ट आहे. गोष्ट खरी की रचलेली, ते सोडून द्या. मोठेपणी तिने जहाजं आणि माणसं सांभाळली हे मात्र खरं, कारण ते तिच्या शत्रूंनीच लिहून ठेवलं आहे. तिची दोन लग्नं झाली, दोन्ही नवरे तिच्या आधी गेले. कॉनॉट प्रांताचा इंग्रज सुभेदार रिचर्ड बिंगहॅम तिच्या मागे लागला. तिची गुरंढोरं गेली, मुलगा कैदेत पडला.

तेव्हा साठीच्या पुढे गेलेली ही बाई स्वतः इंग्लंडला गेली. 1593 साली राणी पहिल्या एलिझाबेथला ती लंडनजवळच्या ग्रीनिचच्या राजवाड्यात भेटली. त्याआधी दरबाराने तिला अठरा प्रश्न लेखी विचारले होते आणि त्यांची तिची उत्तरं आजही सरकारी कागदांत आहेत. त्यातला एक प्रश्न आपण नीट ऐकावा असा आहे. नवरा मेल्यावर तुमच्याकडे बाईच्या वाट्याला काय येतं, असा तो प्रश्न होता. तिचं उत्तर थोडक्यात असं, की आयरिश सरदारांच्या रिवाजात विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा मिळत नाही. म्हणजे जी बाई समुद्रावर जहाजं हाकत होती, तीसुद्धा नवऱ्यामागे हक्काच्या उत्पन्नाला मुकलेली होती. तिने राणीकडे मुलाची सुटका मागितली आणि म्हातारपणी पोटाला लागेल एवढं उत्पन्न मागितलं. राणीने बिंगहॅमला त्याप्रमाणे करायला लिहिलं. मुलगा सुटला.

आणि आता गंमत ऐका. तिच्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या आयरिश बखरकारांनी आपल्या बखरींत तिचं नावसुद्धा घातलेलं नाही. पुरुष सरदारांच्या लहानसहान चकमकी त्यांनी टिपल्या, ही मात्र सुटली. परक्यांच्या दप्तरात ती सापडते, आपल्यांच्या बखरीत नाही. मग तिला सांभाळलं कोणी? त्या बुरुजाने सांभाळलं. बेटावरच्या छोट्या मठानेही सांभाळलं. त्या मठाच्या छतावर आणि भिंतींवर मध्ययुगातली रंगीत चित्रं आहेत, हरणं, घोडेस्वार, पक्षी, चक्क ड्रॅगनसुद्धा. 1990 च्या दशकात ती चित्रं साफ करून जपण्याचं मोठं काम झालं. भिंतीत ओ’मॅली घराण्याचं चिन्ह कोरलेली शिळा आहे. जमिनीवर आणि समुद्रावर बलवान, असं त्यांचं ब्रीद त्यावर लॅटिनमध्ये आहे. ग्रान्युएलचं दफन याच मठात झालं, असं बेटावरचे लोक सांगत आले. बखरकार गप्प राहिले, तरी चारशे वर्षं तिच्या गोष्टी तोंडोतोंडी चालत राहिल्या.

आता परत जमिनीवर येऊ. पुढची खुण सांगायला जरा जड जातं. पण ती सांगितल्याशिवाय या पंचक्रोशीची गोष्ट पुरी होत नाही.

लुइसबर्गहून दक्षिणेला डोंगरांमधून एक रस्ता जातो. वाटेत एक लांबट तळं लागतं, नाव डूलॉख, म्हणजे काळं तळं. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, घर नाही, झाड नाही. रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस आहे. 1849 साली इथे काय झालं त्याची ती आठवण.

आयर्लंडमधल्या गरिबांचं सगळं आयुष्य तेव्हा बटाट्यावर होतं. थोड्या जमिनीत भरपूर पिकणारं, पोट भरणारं पीक. 1845 साली त्या पिकावर करपा पडला. रात्रीत शेत काळं पडायचं आणि जमिनीतल्या बटाट्यांचा लगदा व्हायचा. पुढची काही वर्षं हेच चालू राहिलं. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. 1841 साली मेयोची लोकसंख्या 3 लाख 88 हजारांच्या वर होती. दहा वर्षांनी ती 2 लाख 75 हजारांच्या आसपास उरली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती, हे तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

सरकारी मदत होती, पण तिच्या अटी ऐका. 1847 साली असा नियम झाला, की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पोटाला हवं असेल तर जमीन सोडा. वर्कहाउस म्हणून गरिबांना ठेवायच्या मोठ्या इमारती होत्या. तिथे गेलं की नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात, मुलं तिसरीकडे. तिथे जायचं नसेल तर पीठ मिळवायला यादीत नाव लागायचं आणि त्या यादीची तपासणी व्हायची.

1849 च्या मार्च महिन्याच्या अखेरीला, 30 तारखेला, दोन अधिकारी लुइसबर्गला अशी तपासणी करायला येणार होते. शेकडो भुकेली माणसं गावात जमली. तपासणी तिथे झाली नाही. अधिकारी पुढे डेल्फी लॉज नावाच्या शिकारीच्या बंगल्यावर मुक्कामाला निघून गेले. मागे निरोप ठेवला, की उद्या सकाळी सात वाजता डेल्फीला हजर व्हा, नाहीतर नाव यादीतून काढलं जाईल. डेल्फी तिथून सुमारे 19 किलोमीटर. मार्चची थंडी, पाऊस, वारा. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. तरी माणसं निघाली. कडेवर पोरं घेऊन बायका निघाल्या. न जाऊन काय करणार? नाव कापलं गेलं तर पीठ बंद.

त्या दिवसांत मेयोच्या एका वर्तमानपत्रात आलेल्या पत्रात लिहिलं होतं, की तळ्याच्या काठावर, रस्त्याच्या कडेला सात मृतदेह सापडले आणि त्यात बायका-मुलं होती. आणखी नऊ जण घरी पोचलेच नाहीत. पंचक्रोशीतले लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की मेलेले याहून पुष्कळ होते, शेकड्यांनी होते. लोककथा असंही सांगते, की माणसं पोचली तेव्हा साहेब जेवत होते, म्हणून त्यांना बाहेर थांबवलं आणि शेवटी रिकाम्या हातांनी परत पाठवलं. नक्की आकडा कोणालाच ठरवता आलेला नाही, कारण या माणसांची नावं कोणी लिहूनच घेतली नाहीत. मदतीच्या यादीत नाव राहावं म्हणून ती माणसं चालली, आणि मेल्यावर त्यांच्या नावांची यादी कोणी केली नाही. मला या सगळ्या गोष्टीत हेच फार लागलं.

या भागातल्या डोंगरांच्या उतारांकडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं, तर गवताखाली समांतर रेघा दिसतात. ते जुने बटाट्याचे वरंबे आहेत. जिथे आता मेंढ्या चरतात तिथे तेव्हा माणसं राहत होती, लावणी करत होती. दोनशे वर्षं होत आली, तरी त्यांच्या फावड्याच्या खुणा जमिनीने पुसल्या नाहीत.

1988 पासून दरवर्षी लोक हा रस्ता पुन्हा चालतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू 1991 साली इथे येऊन चालले. अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी जमातीची माणसंही आली. त्यांचं येणं विशेष. 1830 नंतर त्या जमातीला स्वतःच्या जमिनीवरून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं होतं आणि वाटेत त्यांची हजारो माणसं मेली होती. तरी 1847 साली आयर्लंडमध्ये लोक उपाशी मरताहेत असं कळल्यावर त्यांनी आपसात वर्गणी करून 170 डॉलर पाठवले. आयरिश लोक हे विसरले नाहीत. 2020 च्या साथीत अमेरिकेतल्या नावाहो आणि होपी या मूळनिवासींना मदत लागली, तेव्हा हजारो आयरिश लोकांनी पैसे पाठवले आणि चोक्टॉंनी आमच्यासाठी केलं होतं त्याची आठवण म्हणून, असं त्यांनी लिहिलं.

आपल्या देशाचाही या रस्त्याशी धागा आहे. दुष्काळाची बातमी आली तेव्हा बाहेरून आलेल्या पहिल्या मोठ्या मदतींपैकी एक कलकत्त्याहून गेली होती, सुमारे 14 हजार पौंड. तिथे नोकरीला असलेले आयरिश शिपाईही त्यात होते. आणि त्या रस्त्याकडेच्या आठवणीच्या एका दगडावर महात्मा गांधींचं एक वाक्य कोरलं आहे. दुसऱ्या माणसाला खाली पाडून कोणाला स्वतःचा मोठेपणा कसा वाटू शकतो, असा त्याचा भाव. मेयोच्या त्या ओसाड खोऱ्यात गांधीजींचे शब्द का, असा प्रश्न गोष्ट ऐकल्यावर पडत नाही.

आता शेवटची खुण. ही मात्र एका किलगीव्हरची नाही. आयर्लंडभर अशा हजाराहून जास्त जागा आहेत आणि गॉलवे, केरी, मेयो या पश्चिमेकडच्या काउंट्यांत त्या सर्वांत जास्त. यांना ‘किल्लीन’ म्हणतात.

बाप्तिस्मा होण्याआधी जी बाळं जात, किंवा मृतच जन्मत, त्यांना चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. त्यांचे आत्मे ना स्वर्गात जात ना नरकात, ते मधल्या एका अंधाऱ्या जागी अडकून राहतात, असं सांगितलं जायचं. मग त्या बाळांना न्यायचे कुठे? पडक्या चर्चच्या आवारात, जुन्या मातीच्या गढीत, दोन शिवारांच्या हद्दीवर, समुद्राच्या काठी. बाप किंवा काका संध्याकाळी नाहीतर रात्री ते लहानसं गाठोडं घेऊन जायचा. डोक्याशी एक साधा दगड ठेवायचा, पुष्कळदा पांढऱ्या गारगोटीचा. त्यावर नाव नाही, तारीख नाही. आई अजून बाळंतपणाच्या अंथरुणावर असायची. बाळाला कुठे ठेवलं ते कित्येक आयांना कधी कळलंच नाही. विचारायचंही नाही, रडायचंही नाही, अशी रीत. मैत्रिणींनो, हे ऐकताना आपल्यातल्या काही जणींना ते फार परदेशातलं वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या मोजणीदारांनी नकाशे काढले तेव्हा त्यांनी या जागा ‘मुलांची दफनभूमी’ अशा नोंदवल्या. तेवढीच काय ती लेखी खूण. ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती, म्हणजे आजही हयात असलेल्या काही आज्यांच्या आयुष्यापर्यंत. 2007 साली रोममधल्या चर्चच्या धर्मपंडितांच्या आयोगाने जाहीर केलं, की अशा बाळांनाही देवाची कृपा मिळते अशी आशा धरायला भरपूर कारण आहे. शेकडो वर्षं आयांनी मनात जे धरून ठेवलं होतं, ते कागदावर यायला एवढा काळ लागला.

पण गावांनी त्या कागदाची वाट पाहिली नव्हती. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कितीतरी पॅरिशमध्ये लोकांनी झुडपं साफ केली, भोवती कुंपण घातलं, एखादा दगड उभा केला, धर्मगुरूंना बोलावून प्रार्थना केली. त्या जागा शोधता आल्या, कारण कोणीतरी सांगत आलं होतं. इथे नांगर घालू नको, तो दगड हलवू नको, एवढंच मुलांना बजावलेलं असायचं. का ते नेहमी सांगितलेलं नसायचं. पण दगड जागेवर राहिले आणि त्यामुळे पुढे कधीतरी म्हाताऱ्या झालेल्या बहिणी, भाऊ, एखादी आई तिथे उभी राहून उघडपणे रडू शकली.

हे सांगणं कसं टिकलं, त्याचं एक कारण जाता जाता सांगते. 1937 साली आयर्लंडच्या सरकारने एक सोपी पण मोठी युक्ती केली. प्राथमिक शाळांतल्या मोठ्या वर्गांच्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. आपल्या गावात पवित्र विहीर कुठे आहे? जुनी दफनभूमी कुठे? दुष्काळात काय झालं? कोणत्या दुखण्यावर कोणता पाला? 1939 पर्यंत सुमारे 5,000 शाळांतून वह्या भरून आल्या. आज त्या इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. दुष्काळ सुरू होऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती. ज्यांनी तो लहानपणी आपल्या आयांच्या तोंडून ऐकला होता, ती माणसं अजून जिवंत होती. आणखी वीस वर्षं उशीर झाला असता, तर त्या वह्या कोऱ्याच राहिल्या असत्या.

म्हणून मैत्रिणींनो, जुनी खूण म्हणजे नुसता दगड नसतो. त्याच्याजवळ उभं राहून सांगणारं माणूस लागतं. ग्रान्युएल बखरीत नव्हती, डूलॉखच्या वाटेवरची माणसं यादीत नव्हती, किल्लीनमधली बाळं चर्चच्या नोंदवहीत नव्हती. तरी ती हरवली नाहीत, कारण किलगीव्हरसारख्या पंचक्रोशीत कोणीतरी पोराबाळांचा हात धरून सांगत राहिलं, की हे बघ, इथे.

आज दिवेलागणीला घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईजवळ जरा बसा. तिला विचारा, तुझ्या माहेरच्या गावात अशी कुठली जागा आहे, जिच्याबद्दल तुला कोणी तरी सांगितलं होतं? ती सांगेल ते नातवंडाच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. चार ओळी असल्या तरी चालतील.

येते मी. नमस्कार.